आओदाईशो नागपुरात का आणला नाही

जपानमध्ये असताना मी घरात आओदाईशो नावाचा तिकडचा साप पाळला होता हे नागपुरात कोणाला कळले की दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, ‘चावत नव्हता का?’ आणि दुसरा, ‘मग येताना घेऊन का नाही आलात?’ पहिल्याचे उत्तर सोपे आहे. चावू शकतो, पण बिनविषारी असतो, आणि माणसाच्या हाताची सवय झालेला साप सहसा चावत नाही. दुसऱ्याचे उत्तर द्यायचे तर वनविभागाचे नियम, नागपूरचा मे महिना, आमच्या घरचा फ्रीज आणि सापाची हिवाळ्यातली झोप एवढे सगळे सांगावे लागते, आणि ते चहा संपेपर्यंत सांगून होत नाही. म्हणून ते एकदा सविस्तर लिहून काढतो आहे.

मोटारींचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या कामासाठी मी काही वर्षे आयची प्रांतात तोयोता शहराच्या कडेला राहत होतो. कारखान्यांचे शहर असले तरी वस्ती संपली की लगेच भातखाचरे, बांबूची बने आणि जुनी लाकडी घरे सुरू होतात, आणि आओदाईशोला नेमका असाच मुलूख मानवतो. जपानच्या चारही मुख्य बेटांवर आढळणारा हा साप पूर्ण वाढला की एक ते दोन मीटर लांब भरतो. रंग शेवाळी हिरव्यापासून निळसर करड्यापर्यंत कसाही असू शकतो. शास्त्रीय नाव एलाफे क्लिमॅकोफोरा. उंदीर हे त्याचे मुख्य खाद्य, म्हणून इंग्रजीत त्याची गणना ‘रॅट स्नेक’मध्ये होते आणि आपण त्याला धामणीचा दूरचा भाऊबंद म्हणू शकतो. पक्ष्यांची अंडी तो अख्खी गिळतो आणि पाठीच्या कण्याच्या आतल्या बाजूला असलेल्या हाडांच्या टोकांवर दाबून ती घशाच्या खाली फोडतो.

हा साप शोधायचा तर पहाटे उठून उपयोग नाही, कारण अंग तापल्याशिवाय तो बाहेर पडत नाही. मे महिन्यात भाताच्या खाचरांत पाणी सोडले जाते तेव्हा सकाळी आठ-नऊच्या सुमारास, दगडी बांधावर ऊन आलेले असताना, तो दगडांच्या फटीतून अर्धा बाहेर येऊन पडलेला दिसतो. मी पहिला मोठा आओदाईशो पाहिला तो मात्र जमिनीवर नव्हता. घरमालकांच्या धान्याच्या कोठाराच्या जवळजवळ उभ्या भिंतीवरून तो वर चालला होता. त्याच्या पोटाच्या खवल्यांना दोन्ही कडांना धार असते, ती धार फळ्यांच्या बारीकशा खाचेत रुतवून तो शरीराचा एकेक भाग वर ओढून घेत होता. छपराखाली चिमण्यांची घरटी होती, त्यांची कलकल चालू होती आणि त्याला मुळीच घाई नव्हती. घरमालक आजोबा शेजारी येऊन उभे राहिले आणि त्याला हाकलू नका म्हणाले. घरात राहणारा हा साप घराची राखण करतो अशी तिकडच्या जुन्या लोकांची समजूत आहे आणि उंदरांच्या बाबतीत तरी ती अगदीच निराधार नाही.

असा रानातला साप पकडून पाळावा की नाही, यावर तिथल्या सापवाल्यांमध्ये दोन तट आहेत. संरक्षित क्षेत्रे सोडली तर ही जात पकडण्यावर जपानमध्ये सरसकट बंदी नाही. तरीही माझे मत विरुद्ध बाजूचे झाले. पकडल्यावर आओदाईशो शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींतून असा उग्र, हिरवट वास सोडतो की दोनदा साबण लावूनही तो हाताला राहतो, पण ती तक्रार गौण आहे. मोठा झालेला रानसाप डब्यात कित्येक आठवडे अन्नाला तोंड लावत नाही, झाकणावर नाक घासून घासून रक्त काढतो आणि अंगावर गोचिडी व पोटात जंत घेऊन आलेला असतो. ज्याला साप पाहायचा आहे त्याने बांधावर जावे, आणि ज्याला पाळायचा आहे त्याने पिंजऱ्यात जन्मलेले पिल्लू घ्यावे, हे मला तेव्हा पटले आणि आजही पटते.

पिल्लू विकत घेण्याची तिथली रीत मला आवडली. जपानच्या प्राणिकल्याण कायद्यातील 2013 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार सरपटणारा प्राणी विकणाऱ्याने ग्राहकाला तो प्रत्यक्ष दाखवावा लागतो आणि त्याची निगा कशी राखायची हे समोरासमोर समजावून सांगावे लागते, निव्वळ ऑनलाइन पैसे भरून कुरिअरने साप मागवता येत नाही. विक्रेत्याने माझ्यापुढे कागद ठेवून एकेक मुद्दा वाचला, माझ्या मोडक्यातोडक्या जपानीमुळे काही मुद्दे पुन्हा वाचले आणि मगच सही घेतली. पिल्लू मादी होते. आईने फोनवरच तिचे नाव सखू ठेवले आणि पुढे तेच टिकले.

आओदाईशोचे पिल्लू मोठ्या सापासारखे दिसत नाही. अंड्यातून निघताना ते जेमतेम वीतदीड वीत असते, रंग करडा-तपकिरी आणि पाठीवर आडव्या गडद पट्ट्यांची शिडी. त्यामुळे ते जपानमधल्या मामुशी या विषारी सापासारखे भासते आणि पुष्कळ पिल्ले त्या संशयावरून मारली जातात. ओळखण्याची खूण डोळ्यांत असते. मामुशीची बाहुली मांजरासारखी उभी असते, आओदाईशोची गोल. पण सापाची बाहुली निरखण्याइतके जवळ कोणी जात नाही, हा या खुणेतला दोष आहे.

पाळण्याचा पहिला धडा झाकणाचा. फळ्यांच्या खाचेतून भिंत चढणाऱ्या प्राण्याला डब्याच्या कोपऱ्यातली फट म्हणजे दरवाजाच, म्हणून दोन्ही बाजूंनी खटका असलेला प्लास्टिकचा डबा, वर बारीक छिद्रे, तळाला वर्तमानपत्र, एका कोपऱ्यात शिरून बसायला उपडी कुंडी आणि दुसऱ्या कोपऱ्यात न कलंडणारे पाण्याचे भांडे एवढी तिची पहिली मांडणी होती. डब्याच्या एक तृतीयांश भागाखाली उष्णता देणारी पातळ चटई होती, तिच्यावर 28 अंश आणि दुसऱ्या टोकाला 22 अंशांच्या आसपास तापमान राहील असे मी बघत असे. साप स्वतःचे तापमान जागा बदलून राखतो, त्यामुळे त्याला एकच ‘योग्य’ तापमान देणे म्हणजे त्याचा निर्णय आपण घेणे. खाल्ल्यावर सखू चटईवर पडून राही आणि कात टाकायची वेळ आली की थंड कोपऱ्यात जाऊन बसे.

जेवणाने मात्र मला चांगलेच जेरीला आणले. रानात ही पिल्ले बेडूक आणि पाली-सरड्यांवर वाढतात, उंदराची ओळख नंतर होते. मी गोठवलेले, केसही न आलेले उंदराचे पिल्लू कोमट पाण्यात वितळवून, पुसून, चिमट्याने तिच्या तोंडासमोर धरी आणि ती मान मागे घेऊन कुंडीखाली निघून जाई. शेवटी एका अनुभवी जपानी सापवाल्याने उपाय सांगितला. पालीने टाकलेली शेपटी त्या उंदराच्या नाकाडाला घासायची. तशी शेपटी मिळवणे हाच एक उद्योग होता, पण उपाय लागू पडला. जीभ दोनतीनदा आतबाहेर झाली, मान इंग्रजी एस अक्षरासारखी वळली आणि पुढच्या क्षणी तिने दोन वेढे घातले होते. मेलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या उंदराला ती एवढ्या जोराने आवळत होती की हसू यावे. त्यानंतर वासाची गरज हळूहळू संपली आणि सात-आठ दिवसांनी एकदा जेवण असा क्रम बसला.

कात टाकण्याआधी डोळे दुधाळ निळे होतात, तेव्हा सापाला नीट दिसत नसते आणि तो चिडचिडा असतो. त्या दिवसांत ओले शेवाळ भरलेली एक डबी आत ठेवली की कात डोक्यापासून शेपटीपर्यंत मोज्यासारखी उलटी होऊन अखंड निघते. निघालेल्या कातेत दोन्ही डोळ्यांवरच्या चकत्या आल्या आहेत ना हे भिंगाने बघायचे, कारण एखादी चकती डोळ्यावरच राहिली तर पुढच्या कातेला त्रास होतो.

आता हिवाळा. माझ्या पुढच्या सगळ्या निर्णयाचे मूळ इथे आहे. आओदाईशो थंड देशाचा साप आहे आणि थंडीत काही महिने निपचित पडून राहणे हा त्याच्या वर्षाचा भागच आहे, विशेषतः पुढे त्याच्यापासून अंडी हवी असतील तर. नोव्हेंबरमध्ये मी खाणे बंद करी आणि पोट पूर्ण रिकामे व्हायला दोनतीन आठवडे उबेतच ठेवी. पोटात अन्न असताना थंडी लागली तर पचन थांबते आणि अन्न आतच सडते. मग डबा उत्तरेच्या, हीटर नसलेल्या कोठीत जाई. तिथे तापमान रात्रंदिवस सहा ते दहा अंशांमध्ये राही. आत जाऊन मी फक्त पाणी बदलत असे आणि अधूनमधून वजन करत असे. मार्च उजाडेपर्यंत वजनात नाममात्र घट दिसे. ती सलग, न हलणारी थंडी हेच यामागचे कारण होते.

आईचा प्रश्न दर नागपंचमीला येई, ‘सखूला दूध दिलं का रे?’ मी दरवेळी सांगे की सापाला दूध पचत नाही, तहानेने व्याकूळ केलेला गारुड्याचा साप काहीही पितो एवढेच. तिला ते पटत होते, पण त्या दिवशी ती विळीला हात लावत नाही आणि तवाही चढवत नाही, आणि घरात साप असलेल्या मुलाने काहीच करू नये हे तिला चमत्कारिक वाटे. पुढे मी इवाकुनीला जाऊन तिथले प्रसिद्ध पांढरे साप पाहून आलो. ते आओदाईशोच आहेत, रंगद्रव्य नसलेले, लाल डोळ्यांचे. 1924 पासून त्यांना राष्ट्रीय निसर्गवारशाचे संरक्षण आहे आणि ते बेन्झाईतेन देवीचे दूत मानले जातात. बेन्झाईतेन म्हणजे बौद्ध धर्माबरोबर जपानला गेलेली आपली सरस्वती, हे सांगितल्यावर आईचे समाधान झाले. ‘मग सरस्वतीचंच माणूस आहे ते,’ असे म्हणून तिने दुधाचा विषय सोडला.

भारतात परतायचे ठरले तेव्हा सखू दीड मीटरच्या घरात पोचली होती. तिला आणता येईल का, हे पाहायला मी आधीच्या रजेतच सुरुवात केली. राज्याची राजधानी मुंबई असली तरी वनविभागाचे मुख्यालय आपल्याकडे सिव्हिल लाइन्समधल्या वनभवनात आहे, त्यामुळे विचारणा करायला दूर जावे लागले नाही. तिथे आणि नंतर कागदपत्रांतून जे समजले ते असे. भारतातला कोणताही रानसाप, अगदी धामणसुद्धा, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे घरी ठेवता येत नाही. परदेशी प्राण्यांपैकी जे आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइटीस कराराच्या याद्यांत आहेत, त्यांच्यासाठी 2022 च्या दुरुस्तीने चौथी अनुसूची आली आणि 2024 च्या नियमांनुसार त्यांची नोंदणी परिवेश या सरकारी संकेतस्थळावर करावी लागते. आओदाईशो त्या याद्यांत नाही. इथे पुष्कळ जण चुकीचा निष्कर्ष काढतात की यादीत नाही म्हणजे मोकळीक आहे. नोंदणीचा तो नियम लागू होत नसला तरी जिवंत सरपटणारा प्राणी देशात आणणे ही निर्बंधित आयातच असते. तिला परकीय व्यापार महासंचालनालयाचा परवाना लागतो, त्या अर्जासोबत राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची ना-हरकत लागते, आणि शिवाय पशुआरोग्याचे दाखले व विलगीकरण असते. प्राणी विलगीकरणाची केंद्रे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळूर आणि हैदराबाद इथे आहेत, नागपूरच्या विमानतळावर ही सोय नाही. प्रवाशाने सामानासोबत पाळीव प्राणी आणण्याची जी सवलत आहे ती कुत्र्यामांजरांपुरती आहे. एका अधिकाऱ्यांनी माझे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘अर्ज करायला कोणाची मनाई नाही, पण हौसेसाठी साप आणायला शिफारस मिळेल अशी आशा धरू नका.’ मला त्यांचे म्हणणे रास्त वाटले. परका साप सुटला, रानात टिकला आणि त्याने एखादा रोग इथल्या सापांना दिला, तर त्याची भरपाई कोणता परवाना करणार?

ही विचारपूस चालू असतानाच ‘कागदांसकट’ जपानी साप मिळवून देतो असे सांगणारा एक जण मोबाइलवर भेटला. मी आयात परवान्याची प्रत मागितली. त्याने विक्रीच्या पावतीचा फोटो पाठवला, मी पुन्हा परवानाच मागितला, आणि तिथे आमचा संवाद संपला. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांत कापडी पिशव्यांत कोंबलेले साप सापडल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्या मालाला गिऱ्हाईक अशाच पावत्यांवर मिळते.

परवान्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी नागपूरची हवा उरतेच. त्याच रजेत, मे महिन्यात, त्रिमूर्तीनगरच्या आमच्या घरी मी एक रिकामा डबा मांडला, आत तापमान आणि दमटपणा मोजणारे यंत्र ठेवले आणि सखू तिथे आहे असे समजून नोंदी घेतल्या. 23 मे 2013 रोजी 47.9 अंशांपर्यंत गेलेले हे शहर आहे, तेव्हा उष्णता अपेक्षितच होती, पण कूलरने मला वेगळेच शिकवले. कूलर खोली थंड करतो ते हवेत पाणी मिसळून. दुपारी डब्यातले तापमान 31 अंशांच्या खाली काही आले नाही आणि दमटपणा मात्र सत्तरीच्या वर गेला. उष्ण आणि सतत ओलसर डब्यात सापाच्या पोटाचे खवले सडू लागतात. एसी लावला तर 26 अंश मिळत, पण एका दुपारी लाइन गेली आणि तासाभरात काटा 34 वर पोचला. जपानी पुस्तके सापाला ऊब कशी द्यावी यावर पानेच्या पाने लिहितात, इथे प्रश्न त्याला गार कसे ठेवावे हा होता.

हिवाळा त्याहून अवघड. नागपुरात थंडी पडत नाही असे नाही, 29 डिसेंबर 2018 रोजी पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला होता. परंतु आपल्याकडे रात्री दहा-बारा अंश आणि दुपारी सत्तावीस-अठ्ठावीस असा झोका असतो. रोज दुपारी साप जागा होईल, वळवळेल, चरबी जाळेल आणि पोट रिकामेच असल्यामुळे मार्चपर्यंत खंगत जाईल. ते टाळायला थंडीत त्याला फ्रीजमध्ये ठेवणे हा एक मार्ग आहे, आणि काही पाळणारे तो वापरतात. गोठवलेल्या उंदरांसाठी वेगळा कप्पा द्यायलाच आई तयार नव्हती. ‘श्रीखंडाशेजारी उंदीर नकोत,’ एवढेच ती म्हणाली होती, आता साक्षात सखूला तिथे ठेवण्याचा विषय मी तिच्यापुढे काढलाच नाही.

मग तिच्यासाठी घर शोधले. रानात सोडायचे नाही हे पक्के होते, कारण ती डब्यात जन्मलेली होती आणि तिचे मूळ गाव कोणते हे कोणालाच माहीत नव्हते. पालीच्या शेपटीचा उपाय सांगणाऱ्या त्या गृहस्थांनीच तिला घेतले. वजनांची वही, कातेच्या नोंदी आणि कोणते उंदीर ती नाकारते याची यादी मी त्यांच्या हवाली केली. त्यांनी नंतर नर आणला, आणि उन्हाळ्यात तिने अंडी घातल्याचे कळवले.

नागपुरात आल्यावर मी एका ओळखीच्या सर्पमित्रासोबत अधूनमधून जाऊ लागलो, पकडायला नव्हे, बघायला आणि लोकांशी बोलायला. हिंगणा रस्त्यावरच्या एका गोदामात सरकीच्या पोत्यांमागे ‘कोब्रा’ निघाल्याचा फोन होता. पोती बाजूला केल्यावर तांबूस-तपकिरी, सात फुटांच्या आसपासची धामण भिंतीला लागून गळा फुगवून गुरगुरत होती. ‘धामण आहे ना भाऊ, ओठ पाहा,’ सर्पमित्र म्हणाला. तिच्या ओठांच्या खवल्यांमध्ये उभ्या काळ्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. आओदाईशो हातात काही मिनिटांत शांत होतो, धामण शेवटपर्यंत तणावात राहते. तिचे डोळे मोठे, वेग जास्त आणि शिकारीची तऱ्हाही वेगळी. ती भक्ष्याला विळखा घालून मारत नाही, अंगाखाली दाबून धरते आणि तसेच गिळते. डब्यात ठेवायला कायद्याने परवानगी असती तरी मी तिला ठेवले नसते.

गोदामाच्या मालकांना ती गाईच्या पायाला वेढा घालून दूध पिते का, हे विचारायचे होते. सापाच्या दातांची ठेवण आणि ओठ दूध ओढण्याजोगे नसतात हे सांगितल्यावर त्यांचा पुढचा प्रश्न आला, ती परत येईल का. सांडलेली सरकी झाडून घेतली, पोती जमिनीपासून फळ्यांवर उचलली आणि शटरखालची फट बुजवली तर उंदीर कमी होतील आणि तिला येण्याचे कारण उरणार नाही, असे आम्ही सांगितले. वनविभागाकडे नोंद करून धामण त्याच संध्याकाळी जवळच्या नाल्याकाठी सोडली. वनविभागाच्या मदतीचा 1926 हा क्रमांक मालकांनी शटरच्या आतल्या बाजूला खडूने लिहून घेतला.